करदोट्याखालचा डाग

पोळ्याचा दुसरा दिवस. बांधावरचं गवत कमरेला लागत होतं आणि मालनमावशी त्यात बसून विळा चालवत होती. लांबून बघणाऱ्याला म्हातारी दिसायची नाही, नुसतं गवत आडवं होताना दिसायचं. मागं कापलेल्या गवताच्या भाऱ्यावर तिची नात चैताली उताणी पडली होती. सहा वर्षांची पोर. अर्धं वाळूक हातात, अर्धं तोंडात.

मी पाण्याची भांडी बघायला निघाले होते. डेंगूचे दिवस. मी आशा कार्यकर्ती आहे, आमच्या गावची आणि वरच्या दोन पाड्यांची.

"आली बघ सरकारबाई," मालनमावशी नातीला म्हणाली. "पाय झाक, चैते. मोजून लिव्हील."

"पाय नाही मावशी, रांजण मोजतेय. झाकण असतं ना त्यावर?"

"रांजनावर असतं. माझ्या तोंडावर नसतं. त्याचं काय औषीद आलं असलं तर दे."

चैती हसली आणि भाऱ्यावरून लोळत खाली आली. फ्रॉक वर गेला, कमरेचा काळा करदोटा दिसला. कोरा करकरीत. काल बैलांना नवी वेसण आणि नवा कासरा घातला, तेव्हा मालनमावशीनं नातीचाही करदोटा बदलला होता. दर पोळ्याला बदलायची. माझी तीन जनावरं, म्हणायची, दोन गोठ्यातली आणि एक घरातली.

"गवतात लोळतेय पोरगी. खाज सुटेल," मी म्हणाले.

"आमी काय गादीवर वाढलो?"

एवढंच बोलणं झालं. मी पुढच्या घराकडं गेले.

खाज सुटेल एवढंच मला माहीत होतं, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही. ट्रेनिंगमध्ये एकदा सांगितलं होतं. गवतातला बारीक किडा, डोळ्याला न दिसणारा. मग ताप. मग काळी खपली. जेवणानंतरचं सत्र होतं आणि मी पेंगत होते.

पट्टीचं मी नंतर सांगते. आधी बिब्ब्याचं सांगायला पाहिजे.

*

मालनमावशीला गावात बिब्बेवाली म्हणत. पोट दुखलं, मूल दूध टाकायला लागलं, हातपाय वाळायला लागले, की लोक तिच्याकडं न्यायचे. ती दिव्यावर बिब्बा धरायची, त्याचं तेल सुटलं की सुईच्या टोकानं बेंबीभोवती ठिपके द्यायची. माझ्या नवऱ्याच्या पोटावर तिचे पाच ठिपके आहेत. तिशीच्या वरचं कुणीही गावात सदरा काढून उभं करा, मालनमावशीची सही सापडेल.

दोन वर्षांपूर्वी वरच्या पाड्यावर एका बाळाचे डाग चिघळले. ते तिनं दिलेले नव्हते, पण सभा आमच्या गावात झाली. मी उभी राहिले आणि बिब्बा बंद करा म्हणाले. मालनमावशीनं ऐकून घेतलं, घरी गेली, बिब्ब्याची पितळी डबी घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवली. मग चैतीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "हिची आन. आजपासून नाय."

डबी माझ्या घरी फळीवर आहे. दोन वर्षं तिथंच आहे.

*

गौरी गेल्या त्या दिवशी चैतीला ताप आला.

मी बोटातून रक्त घेतलं, पातळ औषध दिलं. मलेरिया निघाला नाही. तिसऱ्या दिवशी ताप तेवढाच. चौथ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून पोर उशीवर डोकं आपटायला लागली. वहीत मी चार दिवस एकच ओळ लिहिली: ताप आहे, सल्ला दिला.

पाचव्या दिवशी सकाळी चैतीची आई सुवर्णा दारात आली. "ताई, डोळे लाल झालेत तिचे. आन् तोंड सुजल्यावानी दिसतंय."

बाप, गोटीराम, पावसाळ्यात रेल्वेच्या ठेकेदाराकडं घाटात दरडीच्या पहाऱ्यावर असतो. त्याला बोलावणं गेलं, तो चिखलाच्या बुटांनीच आला. गावातल्या दत्तूची जीप काढली. पोर सुवर्णाच्या मांडीवर, शेजारी मालनमावशी, पुढं गोटीराम, मागं माझी पिशवी आणि मी. पाऊस असा होता की दत्तू खिडकीतून डोकं बाहेर काढून रस्ता बघत होता.

घाटमाथ्यावर एका डॉक्टरचा खाजगी दवाखाना आहे. डॉक्टर वयस्कर, माणूस चांगला. त्यांनी रक्त आतल्या मशीनवर तपासायला पाठवलं, छाती तपासली, पोट दाबलं, मग करदोटा बोटानं बाजूला केला.

खाली, जांघेच्या वरच्या अंगाला, एक काळा डाग होता. उडदाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, भोवती लाल कडं. विडी टेकवावी तसा.

"कोणी दिला हा चटका?"

सगळ्यांनी मालनमावशीकडं बघितलं. गोटीरामनं, सुवर्णानं, मी.

"म्या नाय," मालनमावशी म्हणाली. ती पुढं आली, डोळे बारीक करून डागावर वाकली. "सायेब, ह्यो बिब्बा नव्हं. बिब्बा उततो. पानी धरतो. पोर बोट लावू देत नाय. ह्यो कोरडा हाय." तिनं अंगठ्यानं डाग दाबला. "चैते, दुखतं का गं?"

"नाय," चैती म्हणाली. डोळे मिटलेलेच होते.

"बघा. दुखत नाय तिला."

"आजी, हात काढा." डॉक्टरांचा आवाज चढला नाही. "तीस वर्षं हेच बघतोय मी. लहान लेकरांना भाजता आणि मग माझ्यासमोर आणून टाकता. हा गुन्हा आहे, कळतं का? पोलिसांना कळवावं लागतं."

"म्या नाय दिला वो."

त्यांनी आतून आलेला रक्ताचा कागद वाचला. "पेशी कमी झाल्यात. डेंगू दिसतोय. नाशिकला न्या, आत्ताच्या आत्ता." चिठ्ठी लिहिता लिहिता ते थांबले आणि माझ्याकडं बघून हळू बोलले, "डागाचं मी लिहीत नाही. आधी पोरीचं बघू दे त्यांना. पण तिथं विचारतील, तयारी ठेवा."

त्यांनी ते दयेपोटीच केलं. पुढं मीही जे केलं ते दयेपोटीच केलं.

बाहेर गोटीराम आईसमोर उभा राहिला. "आये, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला व्हता तू."

"गोट्या, म्या नाय दिला."

"मंग काय आभाळातून पडला?"

"ते मला नाय ठावं. पन बिब्बा नाय. बिब्बा मी वळखीत नाय व्हय रे?"

"वळखते ना. तूच वळखते." त्यानं जीपचं दार ओढून घेतलं. "तू घरी जा. बैलांचं बघ."

मालनमावशीनं माझ्याकडं बघितलं. मी जीपमध्ये बसले होते. डबी माझ्याकडं आहे, एवढं एक वाक्य मी बोलायला पाहिजे होतं. माझ्या मनात आलं, डबीचं काय, घोटीच्या बाजारात बिब्बे ढिगानं मिळतात.

दत्तूनं जीप सुरू केली. मावशी पावसात उभी होती, डोक्यावर गोणपाटाची खोळ. आमच्यामागं चार पावलं आली आणि थांबली.

*

पट्टी.

नाशिकच्या वाटेवर सुवर्णा रडत होती. "ताई, आत्याबाईला नेतील का वो पोलीस? मला बी नेतील? म्या तर बघितलंच नाय तो डाग. रोज न्हाऊ घालते, करदोट्याखाली कोन बघतंय."

"कुणी नेत नाही," मी म्हणाले.

"इचारतील म्हनले ना ते."

पुढं गोटीराम काचेकडं बघत बसला होता. वायपर मोडका होता, एका बाजूचाच चालत होता. तो मागं न बघता म्हणाला, "आयेचं नाव येऊ देऊ नका. काय बी सांगा. मी घरी गेल्यावर बघतो तिच्याकडं."

माझ्या पिशवीत कापूस होता, चिकटपट्टी होती. मी चैतीचा फ्रॉक वर केला, डागावर कापूस ठेवला, वर पट्टी लावली. नीट लावली. चारी कोपरे दाबले. पंधरा वर्षं मी पट्ट्या लावतेय, माझी पट्टी सुटत नाही.

"कुणी विचारलं तर म्हण, पडली होती, खरचटलं."

*

असं व्हायला पाहिजे होतं.

मोठ्या दवाखान्यातली तरुण डॉक्टरीण, डोळ्याखाली काळं, केस कसेबसे बांधलेले, चैतीला बघते आणि विचारते, "गवतात जाते का ही? अंगावर कुठं काळी खपली आहे? भाजल्यासारखी?"

आणि मी म्हणते, "हो."

*

झालं असं.

तिनं तेच विचारलं. याच शब्दांत. काळी खपली, भाजल्यासारखी.

भाजल्यासारखी हा शब्द ऐकला आणि सुवर्णानं माझा हात पकडला. गोटीराम जमिनीकडं बघायला लागला. मला ट्रेनिंग आठवलं नाही. मला घाटमाथ्यावरचे डॉक्टर आठवले. ही फिरवून तेच विचारतेय, असं वाटलं.

"नाही," मी म्हणाले.

तिनं स्वतः बघितलं. काखा बघितल्या, कानामागं बघितलं, मान बघितली. फ्रॉक वर केला. "ही पट्टी कसली?"

"पडली होती. खरचटलंय. मीच ड्रेसिंग केलं. मी आशा आहे, मॅडम."

ती माझ्याकडं बघून थोडी हसली. दिवसभरात कुणीतरी कामाचं माणूस भेटलं असं हसली. "बरं झालं सोबत आलात," म्हणाली. बाजूच्या खाटेवर दोन पोरं होती, त्यातलं एक ओकायला लागलं, ती तिकडं पळाली. चैतीच्या कागदावर डेंगूची शंका लिहून सलाईन लागलं.

मी आशा आहे म्हणाले म्हणून तिनं पट्टी काढली नाही.

*

दोन दिवस. त्यातलं सांगण्यासारखं थोडंच.

चैतीचा श्वास धाप लागल्यासारखा व्हायला लागला. लघवी कमी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सुवर्णाला "आजी" म्हणून हाक मारली. सुवर्णा म्हणाली, "अगं मी हाय, आई." चैती म्हणाली, "आजीला सांग, भारा सुटला." मग तिला आत काचेच्या खोलीत नेलं, नाकावर मशीन लावलं. डेंगूचा रिपोर्ट आला, त्यात डेंगू नव्हता. दुसरा करायला पाठवला. गोटीराम जिन्यात बसून राहिला. येणारे जाणारे त्याला ओलांडून जायचे, तो सरकायचा नाही.

मी सुवर्णाला चहा आणून द्यायची. ती प्यायची नाही. मग मीच प्यायची.

*

तिसऱ्या दिवशी सकाळी गेटवरच्या वॉचमननं मला बोलावलं. "एक म्हातारी आहे. पासशिवाय आत सोडत नाही म्हटलं तर मारायला उठते. तुमच्या गावची आहे का?"

मालनमावशी पहिल्या एसटीनं आली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. डावा हात पदरात गुंडाळलेला.

"जित्ती हाय का?"

"आहे. मशीन लावलंय."

"त्या डागाचं काय म्हनले?"

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"दाखवला का नाय तुमी?"

"मावशी, तुमचं नाव येऊ नये म्हणून..."

"माझं नाव," ती म्हणाली. मला हातानं बाजूला सारून जिन्याकडं चालायला लागली. वॉचमन मागं धावला. जिन्यात गोटीराम होता. त्यानं मान वर केली, "आये, तू कशाला..." म्हणाला आणि तिनं त्यालाही इतरांसारखंच ओलांडलं.

डॉक्टरीण काचेच्या खोलीच्या दारात होती. मालनमावशीनं तिच्यासमोर पदर सोडला आणि डावा हात पुढं केला.

मनगटाच्या वर, आतल्या अंगाला, पाण्यानं भरलेला फोड होता. भोवतीचं कातडं लाल, उतलेलं, कोपरापर्यंत सूज. एका कडेला फुटून त्यातून लस वाहत होती.

"बाय, ह्यो बिब्बा," ती म्हणाली. "परवा म्याच दिला मला. बाजारातून आनला. एवढा दुखतोय का रात-रात डोळा नाय. आता पोरीचा बघ. कोरडा हाय. दाबला तरी दुखत नाय. म्या पन्नास वर्सं बिब्बे दिलेत, ह्यो बिब्बा नाय, बाय. ह्ये येगळं काय तरी हाय. तू शिकलेली हाय, तू बघ."

डॉक्टरणीला आधी काही समजलं नाही. "कुठला डाग? कुणाला?"

"तिच्या करदोट्याखाली."

ती आत गेली. मी काचेतून बघत होते. तिनं पट्टीचा कोपरा नखानं धरला. पट्टी लवकर निघेना.

मग तिनं वाकून अंगठ्यानं डाग दाबून बघितला. नर्सला काहीतरी सांगितलं, नर्स पळाली. बाहेर येऊन ती माझ्यासमोर थांबली.

"मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"पहिल्याच दिवशी विचारलं होतं."

"हो मॅडम."

ती रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिला तेवढी ताकद नव्हती. "ही खपली म्हणजे किड्याची जागा आहे. स्क्रब टायफस. याचं औषध साधं असतं हो. डॉक्सी. तुमच्या आरोग्य केंद्रात सुद्धा असतं."

असतं. लोखंडी कपाटात, वरून दुसरा कप्पा, डाव्या हाताला. दर महिन्याला मीच मोजायला मदत करते.

औषध नळीतून दिलं. संध्याकाळपर्यंत ताप खरंच थोडा उतरला. मालनमावशी काचेला नाक लावून उभी होती. नर्स म्हणाली, आजी, हाताला पट्टी करू द्या. ती नको म्हणाली. गोटीराम तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिच्या पदराचं टोक जमिनीवर लोळत होतं, ते त्यानं उचलून तिच्या खांद्यावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चैती गेली. फुप्फुसं पाण्यानं भरली होती, डॉक्टरीण म्हणाली. दोन दिवस आधी औषध मिळालं असतं तर, असं ती म्हणाली नाही. मला ते ऐकू आलं.

*

वहीत मृत्यूचं कारण लिहायला रकाना आहे. मी आजाराचं नाव लिहिलं. उशीर का झाला, त्याला दुसरा रकाना. तालुक्याहून आलेला माणूस म्हणाला, "लिहा, कुटुंबाचं अज्ञान." मी पेन खाली ठेवलं. तो म्हणाला, "मग मी लिहितो," आणि त्यानं लिहिलं.

गावात त्याआधीच सगळ्यांचं सगळं ठरलं होतं. मालनबाईनं नातीची आन मोडली आणि नात गेली. एवढी सरळ गोष्ट. वर पुरावा म्हातारीच्या हातावर होता. बिब्ब्याचा ताजा डाग, अजून ओला. हापशावर बाया बोलायच्या, "बघितला का? अजून सोडलं नाय तिनं."

मी हापशावर जाऊन उभी राहिले. सांगितलं, पट्टी मी लावली. डॉक्टरला नाही मी म्हणाले. तो बिब्बा नव्हताच, किडा होता, गवतातला.

बायांनी हंडे भरणं थांबवून ऐकलं. मग रावजीची बायको भागीबाई माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "तुझं मन लय मोठं हाय, संजना. म्हातारीची किती लाज राखते. पन आमाला ठावं हाय."

मी परत सांगितलं. तिनं परत हात फिरवला.

तेव्हा मला कळलं, घाटमाथ्यावर मालनमावशीला काय वाटलं असेल.

*

आता आम्ही दोघी फिरतो. मी सांगितलं नव्हतं तिला. चैतीच्या तेराव्यानंतर एका सकाळी मी पिशवी घेऊन निघाले तर ती माझ्या दारात उभी होती. "तुला डाग वळखू येतो का?" म्हणाली. मी म्हणाले, आता येतो. ती म्हणाली, "नाय येत," आणि चालायला लागली.

पिशवीत आता केंद्रातल्या डॉक्सीच्या गोळ्या असतात. घरोघर ताप बघायचा. करदोट्याखाली, काखेत, कानामागं, जांघेत. बाया माझ्यासाठी दार उघडतात. तिच्यासाठी नाही. ती बाहेर थांबते.

काल रावजीकडं गेलो. चार वर्षांची नात, दोन दिवसांचा ताप. बापाबरोबर बांधावर जाते, भाताच्या खाचरात खेकडे शोधते. मी पायरी चढले. मावशी मागं होती. भागीबाई दारात आडवी आली.

"तू ये, संजना. तिला बाहेर थांबू दे. पोर आजारी हाय, तिची सावली नको."

"बाई, मी हितंच हाय," मालनमावशी म्हणाली. ओसरीला टेकून उभी राहिली. पागोळ्या तिच्या खांद्यावर पडत होत्या. सरकली असती तर पडल्या नसत्या, पण सरकायचं म्हणजे भागीबाईच्या ओसरीवर चढायचं.

आत अंधार होता. मी टॉर्च लावला. कंबर बघितली, काही नाही. मान, काही नाही. उजवी काख, नाही. डावा हात वर केला.

उडदाच्या दाण्याएवढं. काळं. भोवती लाल.

"सापडलं का?" बाहेरून मावशी.

"हो."

"ओलं का कोरडं?"

"कोरडं."

"दाब. आंगठ्यानं दाब. इचार तिला."

भागीबाईनं कपाळाला हात लावला. "हिनं कधी दिला गं ह्यो? पोर तर घराबाहेर..." तिचा आवाज बारीक होत गेला. मी अंगठा ठेवला आणि दाबला.

"दुखतं का गं?"

पोरगी तापातल्या डोळ्यांनी माझ्याकडं बघत राहिली. मग तिला वाटलं, मी खेळतेय. हसली.

"नाय."

"काय म्हनली?" मावशी बाहेरून.

भागीबाईनं दाराची एक फळी लोटून घेतली, म्हातारीची नजर पडायला नको म्हणून. फळीच्या फटीतून तिचा डावा हात तेवढा दिसत होता. त्याच्यावरची खपली पावसात भिजून परत पांढरी झाली होती.

"संजे, काय म्हनली पोर?"

"नाय म्हणाली, मावशी."

पागोळ्या वाजत राहिल्या.

"मंग गोळी दे," ती म्हणाली. "बसली काय."